सहा घरं, सहा नाही

२ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात सांगितलं, रोज काय केलं ते टिपून ठेवायची सवय लावा. नवीन वही आणायला निघालो तर बायको म्हणाली, "घरात मापाच्या वह्यांची थप्पी पडलीय. त्यांच्या पाठकोऱ्या बाजू काय उंदरांसाठी राखून ठेवल्यात?" बरोबर आहे तिचं. म्हणून ही वही. पानाच्या एका अंगाला लोकांच्या छात्या-कंबरा, दुसऱ्या अंगाला माझी जाणकारी.

जाणकार हे माझं नवीन पद. गळ्यात फीत, फितीला कार्ड, कार्डावर फोटो. फोटोत मी चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. काम असं, की बालकल्याण ऑफिसच्या ताई आमच्या वसाहतीत घरभेटीला आल्या की त्यांच्याबरोबर फिरायचं आणि आम्हा वरच्या लोकांची रीत त्यांना उलगडून सांगायची. आम्हाला डोंगरावरून खाली आणून वसवलं त्याला बेचाळीस वर्षं झाली, तरी खालचे आम्हाला वरचेच म्हणतात. आता मूळ लोकांचं ज्ञान कामात घ्यायचं अशी योजना निघालीय. जन्मभर मशीनवर पाय मारला. अक्षरं शिकलो ती पावत्यांवरून आणि कापडाला गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवरून. आणि अडुसष्टाव्या वर्षी शिकलेली माणसं विचारतात, तुम्हाला येतं ते आम्हाला सांगा. खोटं कशाला बोलू, छाती दीड इंच फुगली.

दोन दिवस प्रशिक्षण झालं. ऑफिसच्या मुख्य मॅडम म्हणाल्या, "लोक बोलतील तसंच्या तसं लिहायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही." मला हे फार पटलं. शिंप्याचं तरी दुसरं काय असतं? टेप सांगेल ते लिहायचं. शेजारच्या पोरीचा, बटणचा, बाप कोट घेऊन दोनदा परत आला होता, बाही आखूड झाली म्हणून. मी वही उघडून दाखवली. तेवीस म्हणजे तेवीस. तो हसला, म्हणाला, "मामा, मग वहीलाच घाला तो कोट." बिचारा. दगडखाणीत कडा अंगावर आला त्याला आता पाच महिने झाले. कोट अजून माझ्याकडेच टांगलेला आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज पहिली मोठी घरभेट, आणि निघाली ती नेमकी आमच्या बटणची. सहा वर्षांची पोर. माझ्या मशीनखाली सांडलेली बटणं वेचते, म्हणून बटण. तिच्या शाळेतल्या बाईंनी तक्रार केलीय: मुलगी रोज वेगळ्या घरातून येते, कधी पायात मोठे बूट, कधी भलत्याचा स्वेटर, आई शाळेत येत नाही, कुणाशी बोलत नाही.

यात तक्रार कसली ते मला कळलं नाही. नवरा गेल्यापासून बटणची आई पाण्याखाली आहे. आम्ही तसंच म्हणतो. दुःखात बुडालेल्या माणसाला हाक मारायची नाही, ओढायचं नाही. ते आपलं आपण वर येतं. तोवर त्याचं पोर काठावर सांभाळायचं, एकट्याने नाही, सगळ्यांनी. सोमवार सुईणबाईचा, मंगळवार ड्रायव्हरच्या बायकोचा, बुधवार आमचा, अशी शनिवारपर्यंत सहा घरं. रविवारी बटण आईजवळ. आई बोलत नाही, पोर तिच्या पाठीला पाठ लावून बसते. माझी आई गेली तेव्हा माझा बाप पाण्याखाली होता, तेव्हा मीही असाच सहा घरी जेवलो.

ऑफिसच्या ताई भल्या आहेत. वयाने माझ्या नातीएवढ्या, मला मामा म्हणतात. प्रत्येक दारात त्यांनी एकच प्रश्न विचारला, "या मुलीला तुम्ही सांभाळता का?"

सुईणबाई बटणचा फ्रॉक उन्हात पालथा करत होती. म्हणाली, "मी? नाही बाई." ड्रायव्हरची बायको बटणच्या डब्याचं झाकण शोधत होती. "छे, मी नाही." असं करत सगळ्यांनी नाहीच सांगितलं. आई जिवंत असताना दुसरी बाई हो कशी म्हणेल? हो म्हणणं म्हणजे ती काही आता वर येत नाही, असं बोलून दाखवणं. शेवटी आमचं घर. बायको पायांत धरून बटणची वेणी घालत होती. ताईंनी विचारलं. बायको तोंडात रिबीन धरून म्हणाली, "नाही." बटण म्हणाली, "मामी, घट्ट झाली."

मी सहा नाही सहा ओळींत लिहिले. पदरचं काही घातलं नाही. फॉर्मात शेवटी रकाना होता: पारंपरिक ज्ञान आढळले का? औषधी वनस्पती, गाणी, हस्तकला, इतर. या पोरीच्या बाबतीत असलं काही नव्हतं, म्हणून तिथेही नाही.

बटणच्या आईच्या दाराच्या कडीला दोरी लोंबते. ज्या घरी पोर झोपली ते घर सकाळी त्या दोरीला आपली गाठ मारून जातं. प्रत्येक घराची गाठ वेगळी. आई दारात येऊन बघते, तिला कळतं काल पोर कुठे होती. ताईंनी विचारलं, "मामा, ही दोरी कसली?" मला उगाच लाजल्यासारखं झालं. इतकी शिकलेली पोर, तिला गाठी काय दाखवायच्या. म्हटलं, असंच, जुनं काहीतरी. पण पाहिलेलं गाळायचं नाही म्हणून फॉर्मात लिहिलं: दाराला दोरी बांधलेली आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी फॉर्म बघून मान डोलावली. म्हणाल्या, "इतकं स्वच्छ काम आमच्या जुन्या लोकांनाही जमत नाही." मी खाली सही केली. अक्षर छान आलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बटणला नेलं.

शाळेतूनच नेलं, मधल्या सुट्टीत. ऑफिसची पांढरी गाडी आली, दोन बायका होत्या, आमच्या ताई नव्हत्या. ड्रायव्हरच्या बायकोला शाळेच्या शिपायाने सांगितलं. तिचा वार होता. ती डबा घेऊन तशीच धावली, तर फाटकाला कुलूप. पोरीचा एक बूट पायऱ्यांवर राहिला. तो ड्रायव्हरच्या पोराचा, तिला मोठाच व्हायचा.

मी कार्ड गळ्यात घालून ऑफिसात गेलो. म्हटलं काहीतरी घोटाळा आहे, दुसऱ्या मुलीच्या जागी आमची नेली. बाहेरच्या माणसाने सांगितलं, उद्या या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज आमचा वार. बायकोने सवयीने कंगवा काढला, मग परत ठेवला.

वसाहतीत मला कुणी काही बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मी नळावर गेलो की बायका बादल्या बाजूला घेतात, म्हणतात, "मामा, तुम्ही भरा आधी." इतका मान मला जन्मात कुणी दिला नव्हता. 

दोरीला आज नवी गाठ नाही. बटणची आई दारात आली, दोरी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत चाचपली आणि आत गेली. तिला कुणी सांगितलेलं नाही. कोण सांगणार?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ताईंनी मला अहवाल वाचून दाखवला. खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो होतो, चहा दोघांचाही तसाच राहिला.

"सहा शेजारी कुटुंबांकडे चौकशी केली असता सर्वांनी मुलीची जबाबदारी नाकारली. मुलीस कोणीही निश्चित पालक नाही. आई मुलीशी बोलत नाही. घराच्या दाराला दोरी बांधलेली आढळली. मुलीस बांधून ठेवले जात असण्याची शक्यता तपासावी. कोणतीही पारंपरिक पद्धत आढळली नाही." खाली माझी सही.

मी म्हटलं, "ताई, त्यांनी नाही म्हटलं म्हणजे त्या सांभाळतात."

 मी सगळं सांगितलं, पाण्याखालचं, वारांचं, गाठींचं. त्या मध्येच म्हणाल्या, "मामा, मी मामींना वेणी घालताना पाहिलं होतं हो. मला वाटलं, हे काहीतरी वेगळं दिसतंय. पण तुम्ही जाणकार. तुम्ही नाही लिहिलं, म्हणजे तसंच असणार."

"आणि मला वाटलं, तुम्ही पाहताच आहात."



ज्ञान म्हणजे झाडपाला, गाणी असलं काहीतरी मोठं असणार असं मला वाटत होतं. पोराला जेवू घालणं हे ज्ञान असतं होय?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना भेटलो. समितीपुढे तारीख पडलीय, वीस मार्च. तोवर निश्चित पालक उभा राहिला नाही तर बटणला कायमची दुसऱ्या शहरातल्या एका कुटुंबात देतील. कुटुंब चांगलं आहे म्हणे, वाट बघतंय, खोलीला रंगसुद्धा दिलाय. चांगलं असेल. त्यामुळेच मला जास्त भीती वाटते.

मी म्हटलं, आमची रीत अशी अशी आहे. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मामा, तुमच्या रीतीचा आम्हाला आदरच आहे, त्यासाठीच तर योजना. पण कुठे लिहिलेली असेल तर दाखवा. पुस्तक, एखादा लेख, काहीही."

"लिहिलेली नाही."

"मग समितीपुढे काय ठेवू?"

घरी येऊन मी मापाच्या सगळ्या वह्या उगाच चाळल्या. जणू त्यात कुठे सापडणार होती.

२ मार्च, सोमवार

ताई मला बालगृहात घेऊन गेल्या. मला आत सोडलं नाही, कारण मी कागदावर तिचा कोणीच नाही. फाटकाबाहेरच्या बाकावर बसलो. ताईंजवळ पिवळं बटण दिलं, चार भोकांचं, तिच्या आवडीचं.

तासाभराने ताई आल्या. बटण रडत नाही म्हणाल्या. जेवते. पण शाळा सुटायच्या वेळेला रोज पिशवी भरते, बूट घालते आणि दारात उभी राहते. विचारते, "आज कुणाचा वार?" तिला वाटतं हेही एक घर आहे आणि आता पुढच्या घरी जायचं. तिथल्या बाईंनी रजिस्टरात लिहिलंय: पळून जाण्याची प्रवृत्ती.

मी म्हटलं, "त्यांना सांगायचं ना ताई."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, जे दिसलं तेच लिहिलंय."



७ मार्च, शनिवार

सहाही जणींना सुईणबाईच्या ओट्यावर गोळा केलं. सांगितलं, वीस तारखेला समितीपुढे एवढंच म्हणायचं: होय, मी सांभाळते. एकीने म्हटलं तरी चालेल, सगळ्यांनी म्हटलं तर उत्तम.

सुईणबाईने तोंडाचं बोळकं हलवलं. नव्वदीच्या पुढची आहे, वसाहतीतलं अर्धं माणूस तिच्या हातावर आलंय, मीसुद्धा. "ती अजून खाली आहे रे. आम्ही काठावरून हो म्हटलं की वर झाकण बसलं. मग ती कुठून येणार?"

"पण पोर जाईल ना आजी."

"पोर जाईल आणि आई बुडेल, यातलं एक निवडायला तू आम्हाला सांगतोस. जाणकार ना तू? निवड."

ड्रायव्हरच्या बायकोने डोळे पुसले आणि तेवढ्यातही टोमणा मारलाच, "मामा, त्या दिवशी लिहिताना एवढी घाई नसती केलीत, तर आज आम्हाला खोटं बोलायला शिकवायची पाळी आली नसती."

घरी बायकोला म्हटलं, "तू तरी. ती तुझ्या मांडीवर झोपते."

"म्हणूनच नाही," ती म्हणाली. "तिच्या आईला मी काय तोंड दाखवू?" आणि भांडी आपटायला लागली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने एवढी भांडी आपटली नव्हती.

१३ मार्च, शुक्रवार

मॅडमना म्हटलं, मी स्वतः उभा राहतो, मीच पालक. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला आणि सहाव्या नाहीवर बोट ठेवलं. "हे तुमचंच घर ना मामा? तुमच्या पत्नीचं उत्तर, तुमच्या अक्षरात. समिती विचारेल, तेव्हा खोटं लिहिलं की आता खोटं बोलताय?"

 पायऱ्या उतरताना उत्तर सुचलं, की दोन्ही वेळा खरंच. पण तोवर मी रस्त्यावर आलो होतो.

पाच दिवस काही शिवलं नाही. मशीनवर बसलो की पाय चालत नाही. देवाला हात जोडले तर काय मागायचं तेही कळेना. पोर मागितली तर आई जाते.

१७ मार्च, मंगळवार

पाण्याखालच्या माणसाला हाक मारू नये. आज मी मारली.

हाक म्हणजे तिच्या पायरीवर बसलो, रस्त्याकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ. आणि रस्त्याला सांगावं तसं सगळं सांगितलं. पोर कुठे आहे, कधीपासून, कोणती तारीख पडलीय, कोणत्या शहरात खोलीला रंग दिलाय. पिशवी भरून दारात उभी राहते तेही सांगितलं. बायका हो म्हणायला तयार नाहीत, तुझ्यासाठी, हेही. आणि सहा नाही मीच लिहिले हेही सांगितलं. पाया पडायला वळणार होतो, वळलो नाही.

 आतून कुठलंतरी भांडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला, तेवढाच.

आलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आता तुम्ही तिला बुडवलंत." 

१९ मार्च, गुरुवार

सकाळी दार वाजलं. बटणची आई. हाडांवर कपडा टांगल्यासारखी, केसांना सहा महिने हात न लागलेला. माझ्याकडे पाहिलंच नाही. घसा पार गंजलेला. म्हणाली, "बुधवारवाली कुठे आहे?"

बायको हात पुसत पुढे आली.

"उद्या हो म्हणा."

"तुझ्या तोंडावर?"

"माझ्या तोंडावरच. मी मागे बसेन, मेलेलं माणूस बसतं तशी." मग श्वास घेतला, आणखी एक वाक्य लांबून आणायचं होतं. "सगळ्यांना सांग. मला पुन्हा बोलायला लावू नका."

बायको तिचा हात धरायला गेली, तोवर ती पायरी उतरली होती.

मला आनंद व्हायला हवा होता.

२० मार्च, शुक्रवार

समितीची खोली. लांब टेबल, पलीकडे तिघं, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं, प्रत्येक चित्रात घर एकच. आमच्या सहा जणी एका बाकावर, गुडघ्याला गुडघा लावून. बटणची आई सगळ्यात मागे भिंतीशी, मांडीवर ती दोरी, सहा घरांच्या सहा गाठी तशाच असलेली.

अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत एकेकीला विचारत होत्या, "या मुलीला तुम्ही सांभाळता का?"

सुईणबाई उभी राहिली.  "होय."

मागे आईने एक गाठ सोडली. मी बाजूला बसलो होतो, मला दिसत होतं. दुसरी होय, दुसरी गाठ. ड्रायव्हरची बायको जमिनीकडे बघून म्हणाली. पाच झाले.

बायको उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्दच निघेना. अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं. पंखा गरगरत होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मागून एकदा खोकल्याचा आवाज आला, जरासा.

"होय," बायको म्हणाली. "बुधवारी."

"फक्त बुधवारी?"

"होय. नाही. रोज. रोज सांभाळीन."

मग मला विचारलं, आधीचा अहवाल खोटा होता का? मी म्हटलं, "बाई, टेप बरोबर लावली होती. माणूस चुकीचं मोजलं." त्या हसल्या. लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

निकाल लागला. बटण आमच्या घरी, बायकोच्या नावे. पोर दुसऱ्या घरी झोपवायची नाही, एकच घर, एकच बिछाना. आई पालक म्हणून असमर्थ. तिने रविवारी एक तास भेटायचं, देखरेखीखाली. तीन भेटींत सुधारणा दिसली नाही तर भेटी बंद. मॅडमनी बाहेर माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "बघा मामा, स्थानिक ज्ञान कसं उपयोगी पडलं. वार्षिक अहवालात घालू."

बटणची आई कधी उठून गेली ते कळलं नाही. बाकाखाली दोरी पडली होती, सरळ, एकही गाठ नसलेली. बायकोने उचलली.

२६ मार्च, गुरुवार

बटण परवा आली. काल बुधवार होता, म्हणून काही वाटलं नाही. वेणी घातली, "मामी, घट्ट झाली" झालं, मशीनखाली बटणं वेचून झाली. आज शाळेतून आली ती पिशवी भरून दारात उभी.

"आज गुरुवार," म्हणाली.

बायको म्हणाली, "आता इथेच राहायचं बाळा."

"का? बुधवार संपला ना?"

ज्यांचा गुरुवार त्या काकू समोरच्या दारात उभ्या होत्या, हातात तिचा डबा. आल्या नाहीत. डबा घेऊन आत गेल्या.

वसाहतीत बटणच्या आईच्या दारावरून आता सगळे मान खाली घालून जातात. आमच्यात गेलेल्या माणसाच्या दारावरून तसंच जातात.

२९ मार्च, रविवार

देखरेख माझ्याकडे दिलीय, कारण मी जाणकार. ताईंनी फॉर्म दिला. एकच मोठा प्रश्न: आईने मुलीशी संवाद साधला का? होय / नाही.

ती आली, आमच्या दारात बसली, बाहेर तोंड करून. बटण जाऊन तिच्या पाठीला पाठ लावून बसली. तास भरला. एक शब्द नाही. बटण मध्येच डोकं मागे टेकवायची, आई मान जरा पुढे घ्यायची, म्हणजे पोरीचं डोकं नीट बसावं. पिवळं बटण पोरीने पाठीमागून तिच्या हातात सरकवलं, तिने ते बोटांत फिरवलं आणि परत दिलं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. तास झाला, ती उठली.

बोलली का? नाही. फॉर्म अजून कोरा आहे.

ताईंना विचारलं, फॉर्मला जोडपत्र चालतं का? चालतं म्हणाल्या. मग ठरवलं, ही वही जोडायची. अकरा फेब्रुवारीपासून आजपर्यंतची सगळी पानं काढून, सुईदोऱ्याने शिवून. रीत कुठे लिहिलेली आहे, मॅडम विचारत होत्या ना, ही घ्या.

ताई घाबरल्या. "मामा, यात तुम्ही बायकांना काय बोलायचं ते शिकवल्याचंही असेल. वाचून समिती काय करेल, सांगता येत नाही. उलटंसुद्धा करेल."

मी म्हटलं, "सहा नाही वाचून काय केलं, ते तर पाहिलंय."

 सुई बायकोनेच ओवून दिली.

३० मार्च, सोमवार

सकाळी पानं सोडवायला बसलो. अकरा तारखेचं पान, सहा नाहींचं, उलटलं तर मागे माप. कोट. छाती सदतीस, कंबर बत्तीस, बाही तेवीस. वर बटणच्या बापाचं नाव, माझ्या अक्षरात. पाठकोऱ्या बाजूला लिहीत गेलो, मागे कोण आहे ते पाहिलंच नव्हतं.

ते पान ऑफिसला द्यायला हात होईना. नक्कल करून देऊ म्हटलं, आणि अस्सल बटणच्या आईकडे घेऊन गेलो. कोटही घेतला. या वेळी रस्त्याकडे तोंड केलं नाही, समोर उभा राहिलो. पान दिलं. तिला अक्षरं लागत नाहीत, आकडे लागतात. तिने एकेका आकड्यावर बोट ठेवलं. मग कोटाची बाही हातावर पसरली, खांद्यापासून काजापर्यंत, आपल्याच वितीने मोजली.

"साडेतेवीस हवी," म्हणाली. "तो दोनदा येऊन सांगून गेला होता तुम्हाला."

म्हटलं, "हो. आला होता."

"मग उसवा."

बाहीच्या आत अर्धा इंच माया होती, दुमडून शिवलेलं जादा कापड. मी तिथेच पायरीवर बसून उसवायला घेतली. ती दारात उभी राहून बघत होती. मुलीशी बोलली का, तर नाही, आणि आज रविवारही नव्हता. फॉर्मात हे कुठे बसणार, मला माहीत नाही.

घरी येऊन अकरा तारखेची नक्कल करायला घेतलीय. सहा नाही पुन्हा माझ्याच हाताने लिहायचे आहेत. सुईणबाईचा लिहून झाला, उन्हातल्या फ्रॉकसकट. पाच उरलेत. ते झाले की पान उलटून मागे मापही उतरवणार आहे. छाती सदतीस, कंबर बत्तीस, बाही साडेतेवीस.